गिझरचा कटआउट ‘डायरेक्ट’ करू नका

थंडी पडली की गल्लीच्या, तालमीच्या, भिशीच्या ग्रुपवर एक मेसेज दरवर्षी फिरतो. ‘मिस्त्रीला पैसे कशाला देता? बंद पडलेला गिझर दहा मिनिटांत घरीच सुरू करा.’ खाली पाच उपाय. कोल्हापुरात माझं कामच गिझर दुरुस्तीचं, म्हणून हे लिहितोय. त्यातला एक उपाय बरोबर आहे, चार जिवावर बेतणारे आहेत.

बरोबर तो पहिला: एमसीबी (बोर्डातला, लोड जास्त झाला की आपोआप पडणारा स्विच) आणि प्लग बघा. दोन किलोवॅटचा गिझर जवळजवळ 9 अँपिअर ओढतो. पिन सैल असेल तर ती तापून काळी पडते आणि गिझर बंद. फक्त हात घालण्याआधी एमसीबी पाडा. नुसतं बटण बंद करून भागत नाही, कारण जुन्या वायरिंगमध्ये बटण न्यूट्रलवर जोडलेलं मी कितीदा तरी पाहिलंय, म्हणजे बटण बंद असूनही गिझरमध्ये करंट असतोच.

दुसरा: ‘कटआउट उडाला असेल तर दोन्ही वायरी जोडून डायरेक्ट करा.’ कटआउट म्हणजे पाणी फार तापलं की वीज तोडणारा भाग, तो उगाच उडत नाही. थर्मोस्टॅट (पाणी पुरेसं तापलं की कॉइल बंद करणारा स्विच) चिकटला, पाणी उकळायला लागलं, की शेवटचा तोच आडवा येतो. राजारामपुरीत एका काकूंच्या घरी गिझरचं झाकण उघडलं, तर कटआउटच्या जागी वायरीचा तुकडा पिळून बसवलेला, त्यावरचं प्लॅस्टिक वितळून थर्मोस्टॅटला चिकटलेलं. कॉइलवर बोअरच्या पाण्याचा क्षार बोटभर जाड. काकू म्हणाल्या, “अहो, महिनाभर छान चाललं की!” महिनाभर तो गिझर कुठल्याही संरक्षणाशिवाय चालू होता. आपल्या जुन्या तांब्याच्या बंबाचं तोंड उघडं असायचं, पाणी उकळलं तरी वाफ निघून जायची. गिझरची टाकी बंद असते. दाबाखाली शंभर अंशांच्या वर गेलेल्या पाण्यातल्या काही भागाची टाकी फुटताच वाफ होते, आणि एक लिटर पाण्याची सोळाशे लिटरच्या वर वाफ होते.

म्हणूनच चौथा उपाय मला सगळ्यात भयंकर वाटतो: ‘सेफ्टी व्हॉल्व्ह गळत असेल तर प्लग मारा.’ टाकीतला जादा दाब बाहेर सोडतो तो हाच व्हॉल्व्ह. पाणी तापलं की फुगतं. पंधरा लिटर पाणी 20 अंशांवरून 60 वर गेलं की पाव लिटरच्या आसपास वाढतं, ते थेंबथेंब बाहेर पडणारच. तापताना ठिबकणारा व्हॉल्व्ह त्याचं काम करतोय. खाली बारीक नळी जोडून पाणी मोरीत सोडा, एवढंच. गिझर गार असतानाही धार लागली असेल, तर व्हॉल्व्ह बदला.

तिसरा: ‘गिझर लावला की आरसीसीबी पडत असेल तर अर्थिंगची वायर सोडा.’ आरसीसीबी म्हणजे करंट कुठे गळला की वीज तोडणारा स्विच. कॉइल फुटली की करंट पाण्यात उतरतो आणि अर्थिंगमधून जातो, म्हणून आरसीसीबी पडतो. घरातला आरसीसीबी साधारण 30 मिलीअँपिअरला पडतो. अर्थिंग काढलं की तो पडायचा थांबतो, पण करंट टाकीत तसाच राहतो आणि ओल्या हातांनी नळ धरणाऱ्या माणसाची वाट बघतो. कॉइल बदला. 2019 आणि 2021 च्या पुरात ज्यांच्या तळमजल्यात पाणी शिरलं, त्यांना तर माझं हात जोडून सांगणं आहे: पाण्यात बुडालेला गिझर उघडून तपासल्याशिवाय लावायचाच नाही.

शेवटचा उपाय गॅस गिझरचा: ‘ज्योत विझत असेल तर बाथरूमची खिडकी बंद ठेवा.’ ठिणगीच पडत नसेल तर बहुतेक वेळा आतले सेल संपलेले असतात. ठिणगी पडूनही पेटत नसेल तर सिलिंडर आणि पाण्याचा दाब बघा. खिडकी मात्र कधीच बंद करू नका. कोंडलेल्या बाथरूममध्ये जळणाऱ्या गॅसला हवा कमी पडली की कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला वास नसतो, डोळे चुरचुरत नाहीत, माणूस गुंगी येऊन पडतो. गॅस गिझर बाथरूमच्या बाहेर, मोकळ्या हवेत बसवून घ्या. आणि आंघोळीला गेलेलं माणूस हाकेला ओ देत नसेल तर दार तोडा, गॅस बंद करा, त्याला ओढून बाहेर हवेवर आणा आणि लगेच 108 लावा.