सुरकुतलेला वाटाणा आणि येळ्ळूरचा भात

परवा आईचा फोन आला तेव्हा इथं इंग्लंडातल्या नॉरिचमध्ये दुपारचे चार वाजले होते आणि खिडकीबाहेर अंधार पडत होता. "भात बंद सांगितलाय गे डॉक्टरनं," आई म्हणाली. "आता मी काय खाऊ ते तू सांग." साखर वाढलेली. तपासणीनंतर तिच्या हातात एक छापील कागद ठेवला होता, तोही इंग्रजीत. शेजारच्या पोरानं वाचून दाखवला: ओट्स, ब्राऊन ब्रेड, सॅलड, ऑलिव्ह ऑइल. जन्मभर बेळगावजवळच्या येळ्ळूरच्या शिवारात भात लावला, कापला, मळला, त्या बाईला हा कागद! रात्रभर तो माझ्या डोक्यातून गेला नाही, कारण असे कागद देणं हेच माझंही काम आहे. मी आहारतज्ज्ञ आहे. अकरा वर्षं इथं मधुमेहाचे रुग्ण बघते.

आमचा भात म्हणजे काय हे बेळगावच्या माणसाला सांगायला नको, बाकीच्यांसाठी सांगते. शहापूर, वडगाव, अनगोळ, येळ्ळूर या पट्ट्यात बेळगाव बासमती म्हणून वासाचा तांदूळ पिकतो. सुगीत एका चुलीवर शिजला तर वास तीन घरं पलीकडं जातो. भात कापला की जमिनीत उरलेल्या ओलीवर मसूर, वाटाणा, हरभरा पेरायचा. वरून पाणी द्यायचं नाही. ती ओल आणि थंडीतलं दव एवढ्यावर पीक उभं राहतं. म्हणजे भात आणि कडधान्य आमच्या रानात एकामागोमाग येतात आणि ताटात एकत्र बसतात. आईच्या कागदावर मसूर हा शब्दसुद्धा नव्हता.

मी राहते त्या गावाच्या कडेला वनस्पतींवर काम करणारी जॉन इनेस सेंटर ही संस्था आहे. तिच्या शेजारी अन्न आणि आतड्यांचा अभ्यास करणारी क्वाड्रम इन्स्टिट्यूट, विद्यापीठ आणि मोठं हॉस्पिटल, सगळं चालत जाण्याच्या अंतरात. जॉन इनेसमध्ये कॅथी मार्टिन नावाच्या शास्त्रज्ञ आहेत. मी त्यांना कधी भेटलेले नाही, पण त्यांचं काम वाचते आणि दर वेळी मला गाव आठवतं.

बाईंनी वर्षानुवर्षं फुलांचे रंग अभ्यासले. स्नॅपड्रॅगन, ज्याला आपल्याकडच्या बागांत डॉग फ्लॉवर म्हणतात, त्याच्या पाकळीला रंग कुठून येतो, कोणतं जनुक तो चालू करतं, कोणतं बंद. यातून कुणाचं पोट भरणार, असं आमच्या पारावर कुणीही विचारलं असतं. त्याच काळात त्या वाटाण्याच्या कामातही होत्या. गोल वाटाणा आणि सुरकुतलेला वाटाणा यांचा हिशोब मेंडेलनं 1866 मध्ये छापला. दाणा सुरकुततो कशानं, हे कळायला 1990 उजाडलं. ज्या चमूनं ते शोधलं, त्यात पहिलं नाव मदन भट्टाचार्य यांचं होतं आणि मार्टिनही होत्या. स्टार्चला, म्हणजे दाण्यातल्या पिष्टाला, फांद्या फोडणारं एक एन्झाइम असतं. ते बनवणाऱ्या जनुकात डीएनएचा एक परका तुकडा घुसला होता. त्यामुळं स्टार्च कमी साठतो, साखर जास्त राहते, साखर पाणी ओढते, दाणा फुगतो आणि वाळताना आक्रसतो.

इथंपर्यंत हे वनस्पतिशास्त्र. पण 2020 मध्ये लंडनच्या इम्पीरियल कॉलेजनं नॉरिचच्या या दोन्ही संस्थांना बरोबर घेऊन हाच वाटाणा माणसांना खाऊ घातला. गोल वाटाणा खाल्ल्यावर रक्तातली साखर जेवढी चढते, तेवढी सुरकुतलेल्यानं चढली नाही. त्यातला स्टार्च लहान आतड्यात चटकन फुटत नाही. उरलेला मोठ्या आतड्यात जातो आणि तिथले जिवाणू त्यावर जगतात. एक दाणा, एक जनुक, आणि शेवटी माणसाच्या बोटातून काढलेल्या रक्ताचा थेंब. मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा दवाखान्याच्या कँटीनमध्ये होते, चहा थंड झाला तरी वाचत राहिले.

मार्टिन स्वतः रंगांच्या वाटेनं ताटापर्यंत आल्या. स्नॅपड्रॅगनची दोन जनुकं त्यांनी टोमॅटोत घातली आणि 2008 मध्ये आतून-बाहेरून जांभळा टोमॅटो जगापुढं ठेवला. वांग्याच्या सालीला ज्या जातीच्या रंगद्रव्यानं जांभळेपण येतं, ती अँथोसायनिन्स इथं गरात उतरली. कॅन्सर लवकर होणाऱ्या उंदरांच्या खाण्यात या टोमॅटोची पूड घातली, तर ते सरासरी 142 ऐवजी 182 दिवस जगले. उंदराचं माणसाला जसंच्या तसं लागू होत नाही, हे मी रुग्णांना रोज सांगते. पण फुलाच्या रंगापासून सुरू झालेला प्रश्न त्यांनी मध्ये सोडला नाही, याचं मला फार अप्रूप आहे.

तो टोमॅटो नॉरिचच्या दुकानात मात्र मिळत नाही. 2022 मध्ये अमेरिकेनं तो मोकळा केला आणि 2024 पासून तिथले लोक परसात लावू लागले. आपल्याकडच्या बीटी वांग्याची, म्हणजे अळीला मारणारं जिवाणूचं जनुक घातलेल्या वांग्याची, गोष्ट यासारखीच आहे. धारवाडच्या कृषी विद्यापीठानं त्यासाठी जी स्थानिक वाणं घेतली, त्यात कुडची लोकल हे आपल्याच जिल्ह्यातलं वांगं होतं. फेब्रुवारी 2010 मध्ये तेव्हाचे पर्यावरणमंत्री जयराम रमेश यांनी शहरोशहरी घेतलेल्या सुनावण्यांनंतर ते थांबवलं. बांगलादेशानं 2013 मध्ये आपल्या बीटी वांग्याला परवानगी दिली. थांबवण्याला माझा विरोध नव्हता, आजही नाही. लोकांना शंका असतील तर थांबावंच. पण त्यानंतर गावी आमचा वाद कंपनी विरुद्ध शेतकरी इथंच अडकला. सुट्टीला गेले की अजून तीच वाक्यं ऐकते. वाणात काय आहे आणि ते खाल्ल्यावर अंगात काय होतं, हे कुणी विचारताना मला दिसत नाही.

परदेशात आले म्हणून इथलं सगळं मोठं, असं मी मानत नाही. दिवसाला 30 ग्रॅम तंतू खा असं ब्रिटनमध्ये 2015 पासून सांगितलं जातं आणि माझे बहुतेक रुग्ण त्याच्या जवळही पोचत नाहीत. पांढरा ब्रेड आणि चिप्सवर वाढलेल्या माणसाला मसूर कसा शिजवायचा हे मी इथं शिकवते, आणि तिकडं माझ्या मसुराच्या गावात ओट्सचा कागद फिरतो. भारतात 10 कोटींहून जास्त लोकांना मधुमेह असल्याचा आयसीएमआरचा, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेचा, अंदाज 2023 मध्ये आला. एवढ्या लोकांना 'भात बंद' एवढंच सांगून भागणार आहे का?

धारवाडचं कृषी विद्यापीठ बेळगावपासून दीड तासावर आहे. वैद्यकीय कॉलेजं गावातच आहेत, आयसीएमआरची पारंपरिक औषधांवरची संस्थाही बेळगावात आहे. आमच्या शिवारातल्या तांदळात अमायलोज, म्हणजे सावकाश पचणारा स्टार्च, किती, तो वर्षभर जुना झाला की काय बदलतं, मसुराच्या आमटीबरोबर खाल्ला तर साखर किती चढते, हे इथल्या माणसांवर इथंच मोजायला हवं. पुण्यात डॉ. चित्तरंजन याज्ञिकांनी 1993 पासून आसपासच्या खेड्यांतल्या बायका आणि त्यांची बाळं मोजली. आपलं बाळ वजनाला हलकं असूनही त्याच्या अंगात चरबी जास्त असते, हे त्यातून जगाला कळलं. ते खेड्यातच मोजून कळलं.

आता सीमेचं. 1 नोव्हेंबरचा काळा दिवस होऊन गेला, डिसेंबरात बेळगावच्या सुवर्णसौधात कर्नाटकाचं अधिवेशन भरेल आणि फोनवर पुन्हा तेच व्हिडिओ येतील. 2004 पासून महाराष्ट्राचा सीमाभागावरचा दावा सर्वोच्च न्यायालयात आहे. 2014 मध्ये गावचा 'महाराष्ट्र राज्य, येळ्ळूर' हा फलक पाडला, तेव्हा मला इथं येऊन थोडेच दिवस झाले होते. व्हिडिओ बघून मी परक्या खोलीत एकटीच रडले होते. मराठीत फलक हवा, मराठीत उतारा हवा, यातली एकही मागणी सोडा असं मी म्हणणार नाही. त्यात आणखी दोन कागद घाला, एवढं मागते: बियाण्याच्या पिशवीवरचा आणि दवाखान्यातला. पिशवीवर कन्नड आणि दवाखान्यात इंग्रजी, यांच्या मध्ये माझी आई उभी आहे. आमच्या पुढाऱ्यांच्या भाषणांत तिची भाषा असते, तिचं ताट नसतं. याचा मला राग येतो. शेजारच्या कन्नड घरातल्या अज्जीलाही तो इंग्रजी कागद वाचता येत नाही, हेही लिहून ठेवते.

आईनं परवा आणखी एक विचारलं. सुरकुतलेला वाटाणा चांगला म्हणतेस, मग मी बी निवडताना टाकून देते ते काय? मी तिला सांगितलं की न भरल्यामुळं आक्रसलेला दाणा वेगळा आणि जातीनंच सुरकुतलेला वेगळा. ओला, गोड, सोलून खायचा वाटाणा असतो तो या जातीनंच सुरकुतणाऱ्यांतला. ती गप्प ऐकत होती. मग म्हणाली, "हे कुणी लिहून का देत न्हाईत गे?"

पुढच्या आठवड्यात निघते. सुगी संपलेली असेल, मसूर वीतभर आला असेल. तिच्या गोळ्या आणि तिच्या घरातली वाटी डोळ्यांपुढं ठेवून एक कागद मराठीत, मोठ्या अक्षरात लिहायला घेतला आहे. पहिल्या तीन ओळी झाल्या: भात बंद नाही. भात एक वाटी, मसुराची आमटी दीड वाटी. आधी भाजी आणि आमटी, भात शेवटी.