घर टिकवा, गुन्हेगारी हटवा!

पुण्यात परत कुठेतरी चार पोरांनी कोयते नाचवत रिक्षांच्या काचा फोडल्या का? मग तुम्ही अजिबात डोकं चालवू नका, सरळ फॅमिली ग्रुपवर टाका "संस्कारच नाहीत हो, आईबाप वेगळे राहत असणार", खाली हात जोडलेला इमोजी, विषय कट. कोयता हातात कुणी दिला, अठराच्या आतला पोरगा जेलात नाही तर येरवड्याच्या निरीक्षणगृहात जातो हे माहीत असलेला कुठला भाई त्याला पुढे करतो, असल्या भानगडीत पडायचंच नाही.

आता स्वतःचं पोर बिघडू नये म्हणून उपाय. डिव्होर्स घ्यायचा नाही म्हणजे नाही. नवऱ्याने रोज पिऊन यावं, ताट भिंतीवर मारावं, बायकोने "पोरांकडे बघून दिवस काढतेय" म्हणावं आणि पोराने आतल्या खोलीत हेडफोन लावून दहावीचा अभ्यास करावा, हे झालं भरलं घर. उलट एखादी बाई त्यातून उठून वेगळी झाली, सकाळी सहाला धुणीभांडी करायला बाहेर पडली अन संध्याकाळी पोरगं कुठंय बघायला घरात कोणी नाही, की झालं, मोडलेलं घर! तिच्यासाठी वस्तीत अभ्यासिका, शाळेत समुपदेशक वगैरे मागू नका, त्याला पैसे लागतात, संस्कार फुकट आहेत.

देशभरातल्या गुन्ह्यांची आकडेवारी काढणाऱ्या सरकारी एनसीआरबीचा अहवाल तर चुकूनही उघडू नका. पकडलेल्या अल्पवयीन पोरांपैकी आईवडिलांजवळ राहणारी किती, इतर पालकांजवळ किती, बेघर किती असे रकाने असतात त्यात, आणि वर्षानुवर्षं पहिलाच रकाना फुगलेला. (घरात आईबाप आहेत म्हणजे घरात शांतता आहे असं रकान्यात लिहिलेलं नसतं, तो भाग वेगळा.)

आणि एकोप्याचा आदर्शच हवा असेल तर मे २०२४ चं कल्याणीनगर आठवा की. सतरा वर्षांचा मुलगा, पोर्शे, दोन तरुण इंजिनिअर जिवानिशी गेले. पण घर बघा कसं एकजीव! दारू प्यायला होता का हे तपासायला मुलाच्या रक्ताच्या जागी आईचं रक्त दिल्याचा आरोप, ड्रायव्हरने गुन्हा अंगावर घ्यावा म्हणून त्याला डांबल्याचा आरोप वडील आणि आजोबांवर, म्हणजे तीन पिढ्या एकाच प्रकरणात. बाल न्याय मंडळातूनही काही तासांतच जामीन, वर ३०० शब्दांचा निबंध लिहायची अट. लोकांनी बोंबाबोंब केली म्हणून नंतर निरीक्षणगृहात पाठवलं, नाहीतर निबंधावरच भागलं होतं.

तेव्हा वहिनी, कितीही पटत नसलं तरी वेगळं व्हायचं मनात आणू नका. उद्या सँपल द्यायची वेळ आली तर घरात कोणीतरी नको का?