पापलेट, पट्टी आणि प्रेक्षक

समुद्री जीवांविषयी लोकांना चार गोष्टी सांगायच्या असतील, तर जीवशास्त्रापेक्षा पाकशास्त्राचा व्यासंग अधिक उपयोगी पडतो, हे ज्ञान मला इन्स्टाग्रामने दिले. सप्टेंबर २०२३ मध्ये महाराष्ट्र शासनाने पापलेटला राज्यमाशाचा दर्जा दिला आणि शेकरू, हरियाल, ताम्हण यांच्या पंक्तीला पापलेट येऊन बसले. मी मोठ्या उमेदीने त्याचे छायाचित्र टाकले. शेकरूचे छायाचित्र पाहून कोणी आमसुलांची चौकशी करीत नाही, राज्यमाशाच्या नशिबी मात्र "कालवणात की तव्यावर?" आणि "आजचा भाव काय?" एवढीच विचारपूस आली.

त्याच वर्षी शासनाने ५४ जातींच्या सागरी जिवांसाठी पकडण्यायोग्य किमान लांबी ठरवून दिली. पापलेटसाठी ती १३५ मिलिमीटर आहे. वाढ होण्याआधीच मासा पकडला, तर तो मागे प्रजा न ठेवताच जातो, हे त्यामागचे साधे कारण. ते समजावण्यासाठी मी माशाशेजारी शाळकरी पट्टी ठेवून रील केली. त्यावर "पट्टी नंतर धुतलीत ना?" ही शंका सर्वाधिक लोकांना आवडली. "शेपूट धरून मोजायचे की सोडून?" हा एकमेव शास्त्रीय प्रश्न आला होता, पण त्याचे उत्तर देण्यापूर्वीच तिथे सुरमई श्रेष्ठ की पापलेट यावर रणकंदन माजले.

पावसाळ्यात जुहूच्या किनाऱ्यावर निळ्या फुग्यांसारखे ब्लू बॉटल वाहून येतात. ते जेलीफिश नसून एकमेकांना जोडलेल्या अनेक जीवांची वसाहत असते, आणि किनाऱ्यावर निपचित पडलेले असतानाही त्यांचे तंतू दंश करू शकतात, असे मी बजावून सांगितले. यावर एका गृहस्थांनी, इतके जीव एकत्र राहतात तर मेंटेनन्सचा हिशेब कोण ठेवतो, असे विचारले. (ते बहुधा सोसायटीचे खजिनदार असावेत.) दुसऱ्या एकाने ब्लू बॉटल तळहातावर घेतलेले छायाचित्र पाठवून, "हेच का?" म्हणून खात्री करून घेतली.

कासवांचे मात्र सगळे गोड असते. वेळासच्या किनाऱ्यावर समुद्राकडे दुडदुडणारी ऑलिव्ह रिडलेची पिल्ले दाखवली की अंतःकरणे द्रवतात आणि बोटेही आपोआप बदामाकडे वळतात. परंतु वाळूतल्या घरट्याच्या तापमानावर पिल्लू नर होणार की मादी हे ठरते, ऊब वाढली की माद्यांचे प्रमाण वाढते, आणि म्हणून तापत्या हवामानाची काळजी वाटते, असे मी म्हणू लागताच प्रेक्षक पुढच्या रीलवर सरकतात. फ्लॅशच्या झोताने पिल्लांची दिशा चुकते, हे सांगणाऱ्या रीलखाली तर, "रात्री चांगले फोटो येण्यासाठी कोणता फोन घ्यावा?" असा सल्ला मागितला गेला. आमच्या मावशींनी ती कौतुकाने कुटुंबाच्या ग्रुपवर पाठवली. सोबत, घरात धातूचे कासव कोणत्या दिशेला ठेवावे, याचा तक्ताही जोडला.

तरीही पट्टीच्या रीलचा परिणाम झालाच. बाजारातल्या आमच्या नेहमीच्या कोळीणताईंनी एके दिवशी मला पाहताच कोयता खाली ठेवला. "तो फोनवरचा पट्टीवाला तूच ना? काल एक बाई खरंच पट्टी घेऊन आली. अर्धा तास मोजत बसली आणि शेवटी बोंबील घेऊन गेली." मी लांबीचे महत्त्व सांगू लागलो, तेव्हा त्यांनी हातानेच थांबवले. "मासा माझ्या पाटीत येतो तेव्हा मेलेला असतो. त्याला मोजून तो वाढणार आहे का? मोजायची तर जाळ्याची आस, म्हणजे त्याच्या भोकांचा आकार, मोज. आस बारीक असली की लहान-मोठं सगळंच वर येतं."

माझ्या साऱ्या खटाटोपापेक्षा त्यांची ही चार वाक्ये अधिक नेमकी होती. त्यामुळे पुढच्या रीलमध्ये मी माशाला सुट्टी दिली आणि निरनिराळ्या आसांची जाळी शेजारी-शेजारी पसरून, कोणत्या जाळ्यातून लहान मासा निसटतो आणि कोणत्यातून नाही, हे सविस्तर दाखवले. आजवरच्या कोणत्याही रीलपेक्षा तिला अधिक प्रतिसाद मिळाला. बारीक आसाचे जाळे कुठे विकत मिळेल, असे निम्म्या पुण्याने विचारले आहे; बाल्कनीत कबुतरांचा फार उपद्रव आहे म्हणे.