मराठी शिका म्हणणाऱ्यांनी ग्योंगजूतला वर्ग पाहावा

एप्रिल २०२५मध्ये महाराष्ट्रात पहिलीपासून हिंदीचा शासन निर्णय निघाला, जूनअखेरीस तो मागे घेतला गेला. त्याच पावसाळ्यात मराठी न बोलणाऱ्या दुकानदाराला मारहाण झाल्याच्या चित्रफिती आम्हा परदेशस्थांच्या फोनवरही येऊन धडकल्या. बाहेरून आलेल्याने मराठी शिकावी, हे मला शंभर टक्के मान्य आहे. पण त्याने ती कुठे शिकायची, किती तास शिकायची, आणि शिकली हे कुणाला दाखवायचं? या प्रश्नांवर मात्र भाषेवरून वाद घालणारे दोन्ही पक्ष गप्प असतात.

त्यांची काही उत्तरं दक्षिण कोरियातल्या ग्योंगजूत मिळतात. हे जवळपास हजार वर्षं सिल्ला राज्याच्या राजधानीचं शहर. भर वस्तीत राजांच्या थडग्यांच्या हिरव्या टेकड्या आहेत आणि २००० सालापासून इथला ऐतिहासिक परिसर जागतिक वारशात आहे. पर्यटक टेकड्यांशेजारच्या ह्वांगनाम भागात फिरतात. राहायला आलेले परके मात्र बरेचसे सोंगगोन भागात, जिथे दुकानांवर रशियन लिपीतल्या पाट्या दिसतात, नाहीतर मोटारींचे सुटे भाग बनवणाऱ्या ओएदोंगच्या कारखान्यांजवळ राहतात.

नवख्याची पहिली परीक्षा कागदांची. नव्वद दिवसांपेक्षा जास्त राहायचं असेल तर त्या नव्वद दिवसांतच परकीय नोंदणी करावी लागते. तिची वेळ ऑनलाइन घ्यायची असते आणि तारखा लांबच्या मिळतात, म्हणून उतरल्याच्या आठवड्यातच ती घेऊन टाकावी. या नोंदणीच्या कार्डावर आधी आडनाव, मग स्वतःचं नाव आणि वडिलांचं नाव, सगळं मोठ्या रोमन अक्षरांत येतं. मराठी माणूस अडतो तो इथेच. बँकेने दोन नावं जोडून लिहिली आणि मोबाइलवाल्याने मध्ये जागा सोडली, की ऑनलाइन ओळख पटवणारी यंत्रणा त्यांना दोन वेगळी माणसं समजते. मग ऑनलाइन खरेदीपासून सरकारी पोर्टलपर्यंत सगळं अडून बसतं. दोन्हीकडे कार्ड पुढे करून ‘यातल्या मोकळ्या जागेसकट जसंच्या तसं लिहा’ असं सांगावं आणि छापील पावती तिथेच तपासावी.

घर बहुधा ‘वोल्से’ पद्धतीने मिळतं, म्हणजे मोठी अनामत आणि दरमहा भाडं. सही करण्याआधी ७०० वोन भरून मालमत्तेचा उतारा ऑनलाइन पाहता येतो. त्यातल्या ‘उल्गू’ या भागात घरावरची कर्जं असतात. राहायला गेल्यावर पत्ता बदलल्याची नोंद करायला पंधरा दिवसांची मुदत आहे, पण ती त्याच दिवशी करावी आणि भाडेकरारावर तारखेचा शिक्का मारून घ्यावा. त्याला ६०० वोन पडतात. अनामतीचं संरक्षण दुसऱ्या दिवशीच्या शून्य वाजल्यापासून लागू होतं. मधल्या तासांत मालकाने घर गहाण टाकलं तर बँकेचा हक्क आधी लागतो, म्हणून पैसे देण्याच्या दिवशी उतारा पुन्हा काढायचा.

कचऱ्याची पिशवी महापालिकेची, दुकानातून विकत घ्यायची. दुसऱ्या शहरातली इथे सहसा चालत नाही. अन्नाचा कचरा वेगळा. मात्र चहाचा चोथा, कांद्याची सालं, अंड्याची टरफलं, हाडं, आंब्याची कोय हे त्यात टाकायचं नाही, ते साध्या पिशवीत जातं. अन्नाच्या कचऱ्यापासून जनावरांचं खाद्य आणि खत करतात, त्यात या वस्तू चालत नाहीत. आपल्या स्वयंपाकघरातला निम्मा ओला कचरा असा ‘साधा’ ठरतो!

आता भाषा. परक्यांना कोरियन शिकवणारा न्याय मंत्रालयाचा सामाजिक एकात्मता कार्यक्रम २००९ पासून चालू आहे. आधी चाचणी देऊन पायरी ठरते. शून्य पायरी १५ तासांची, पुढच्या चार पायऱ्या प्रत्येकी १०० तासांच्या, आणि पाचवीत कोरियन समाजाची ओळख, आणखी १०० तास. म्हणजे एकूण ५१५. हजेरी ऐंशी टक्के हवी. पायऱ्या पूर्ण केल्या की काही व्हिसांसाठी गुण मिळतात, नागरिकत्वाच्या प्रक्रियेत सवलत मिळते. शिकलेल्या तासांना मोल आहे, म्हणून कामावरून दमून आलेला माणूसही वर्गात येऊन बसतो. दोषही आहेत. पाळीवर काम करणाऱ्याला वेळ जुळत नाही आणि पाळी बदलली की हजेरी घसरते.

मराठी माणसाला ही भाषा वाटते तितकी परकी नाही. क्रियापद शेवटी येतं, प्रत्यय नामाला चिकटतो: ‘हाक्क्यो’ म्हणजे शाळा, ‘हाक्क्यो-ए’ म्हणजे शाळेला. मोठ्यांशी बोलताना क्रियापद बदलतं, जसं आपल्याकडे ‘ये’चं ‘या’ होतं. त-थ हा फरकही आपल्या जिभेला ठाऊक आहे. अडतो तो घसा आवळून काढायचा तिसरा त. वर्गात मात्र सोलची प्रमाण भाषा असते. सोंगदोंग बाजारातली भाजीवाली आजी ‘म्वोराकानो?’ (काय म्हणतोस?) असं विचारते, ‘नीट’ला ‘दान्दी’ म्हणते, आणि पुस्तकी कोरियन शिकलेला गोंधळतो. पुण्याची मराठी शिकून अकोल्याच्या बाजारात गेल्यासारखंच हे. आपण वर्ग काढले तर पहिल्या महिन्यापासून त्या त्या गावची बोली कानावर घालावी.

कोरियात परक्याला व्हिसा लागतो. महाराष्ट्रात आलेला बिहारी किंवा तमिळ माणूस या देशाचा नागरिक आहे, कुठेही राहण्याचा हक्क त्याला संविधानाने दिला आहे. त्यामुळे व्हिसाला बांधलेली सक्ती तिथून उचलता येणार नाही. वर्ग, तास आणि प्रमाणपत्र मात्र उचलता येतं. कल्याण, पिंपरी किंवा भिवंडीतल्या महापालिकेच्या शाळेत रविवारी चार तासांचा वर्ग ठेवला, तर शंभर तास पंचवीस रविवारांत होतात. रिक्षावाला, इमारतीचा वॉचमन, मॉलमधली विक्रेती यांच्या रोजच्या दोनशे वाक्यांपासून सुरुवात करता येईल. शाळेच्या खोल्या रविवारी रिकाम्याच असतात.