ऑटो हेडलाइट ‘ऑफ’वर ठेवा म्हणणाऱ्या संदेशाला उत्तर

एसयूव्हीवाल्यांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपांवर एक संदेश फिरतोय. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: ऑटो (उजेड पाहून आपोआप लागणारे-विझणारे) हेडलाइट भरदिवसा लागतात, म्हणजे सेन्सर खराब. धुक्यात लागत नाहीत, म्हणजे सेन्सर बिनकामाचा. समोरच्याच्या डोळ्यांवर अपर (हाय बीम, लांबवर जाणारा झोत) मारतात, वर बॅटरी खातात. तेव्हा नॉब कायमचा ‘ऑफ’वर ठेवा, दिवसा डीआरएल (गाडी चालू असताना पुढे आपोआप लागणारे दिवसाचे छोटे दिवे) पुरतात. हा शेवटचा सल्ला पावसाळ्यात एखाद्याच्या जिवावर बेतू शकतो, म्हणून हे सविस्तर उत्तर.

आधी भरदिवसा लागणाऱ्या दिव्यांचं. पुढच्या काचेवर आतल्या आरशामागे, किंवा काही गाड्यांत डॅशबोर्डवर काचेच्या कडेला, उजेड मोजणारा छोटा सेन्सर असतो. तो घड्याळ पाहत नाही, फक्त उजेड मोजतो. संयुक्त राष्ट्रांच्या वाहन नियमांपैकी ४८ क्रमांकाच्या नियमात यासाठी आकडे दिलेले आहेत. उजेड १,००० लक्सच्या (लक्स हे उजेड मोजायचं एकक) खाली गेला की २ सेकंदांच्या आत लो बीम (हेडलाइटचा जवळ, खाली पडणारा झोत) लागायला हवा. ७,००० लक्सच्या वर गेला की तो विझायला हवा, पण ५ सेकंद उलटल्यावर आणि ३०० सेकंदांच्या आत. मधल्या पट्ट्यात काय करायचं ते कंपनी ठरवते. आपल्याकडच्या एखाद्या मॉडेलचे आकडे थोडे वेगळे असतील, पण चटकन लागणं आणि रेंगाळून विझणं हे सगळीकडे सारखंच. पुणे एक्सप्रेसवेवर भाताणचा बोगदा मागे पडल्यावरही दिवे काही वेळ चालू राहतात ते यामुळेच. हा उशीर मुद्दाम ठेवलेला आहे. तो नसता तर दाट झाडीच्या रस्त्यावर सावली-उन्हाबरोबर दिवे उघडझाप करत राहिले असते आणि समोरच्याला वाटलं असतं की आपण डिपर देतोय.

खरी शंका घ्यायची ती मोकळ्या उन्हात दहा-पंधरा मिनिटं गाडी चालवूनही दिवे विझले नाहीत तर. तेव्हाही सेन्सर बदलायला निघण्याआधी काच नीट पाहा. फास्टॅग आरशाच्या मागे, काचेच्या मधोमध लावतात आणि सेन्सरही तिथंच असतो. चिकटवणाऱ्याने घाईत टॅग सेन्सरच्या खिडकीवर आणला की बिचाऱ्या सेन्सरला कायमची संध्याकाळ. सेन्सर डॅशबोर्डवर असेल तर तिथली चटई, मोबाइल होल्डर, कधी श्रद्धेने बसवलेली गणपतीची मूर्तीही त्याचा उजेड अडवते. मूर्ती हलवायला कुणाचं मन होत नाही हे मला कळतं, पण वीतभर बाजूला सरकवली तरी काम होतं. पुढच्या काचेवर फिल्म लावली असेल, विशेषतः धातूचा थर असलेली, तर सेन्सर गोंधळतो, आणि काचेतून किमान ७० टक्के प्रकाश आरपार जायला हवा हा नियम आहेच.

काच बदलली असेल तर कारण बहुधा तिथंच सापडतं. पाऊस आणि उजेड दोन्ही ओळखणारा सेन्सर काचेला पारदर्शक जेलच्या पॅडने चिकटवलेला असतो. जुनाच पॅड परत वापरला किंवा मध्ये हवेचा बुडबुडा राहिला, की दिवे आणि वायपर दोन्ही वेड्यासारखे वागतात. यासाठी नवा सेन्सर लागत नाही, पॅड नीट बसवावा लागतो.

घरच्या घरी तपासणीही सोपी आहे. दिवसा गाडी मोकळ्यावर उभी करून चालू करा, नॉब ‘ऑटो’वर आणा आणि सेन्सर बाहेरून जाड काळ्या कापडाने पूर्ण झाका. काही सेकंदांत दिवे लागले आणि कापड काढल्यावर थोड्या वेळाने विझले, तर सेन्सर ठणठणीत आहे. मग स्क्रीनवरच्या दिव्यांच्या मेनूमध्ये जा. अनेक गाड्यांत दिवे लवकर लागावेत की उशिरा हे तिथं निवडता येतं, आणि बॅटरी काढून लावल्यावर ही निवड कधी कधी पुसली जाते. कापड झाकूनही काहीच घडलं नाही, किंवा सेन्सर उघडा असून दिवे विझतच नाहीत, तर मात्र सर्व्हिस सेंटर गाठा. सेन्सरची जोडणी तुटली तर दिवे चालूच ठेवायचे, अशी सोय बऱ्याच गाड्यांत असते.

धुक्याबद्दल संदेश अर्धा खरा आहे. आंबोलीत किंवा माळशेजला सकाळी दहाच्या धुक्यात ऑटो दिवे अनेकदा लागत नाहीत. धुकं उजेड चहूकडे पसरवतं, सेन्सरला पांढराशुभ्र दिवस दिसतो. पुढचं दिसतंय की नाही हे तो मोजतच नाही. काही गाड्यांत वायपर सलग चालले की दिवे लागतात, पण धुक्यात वायपर तरी कुठे सलग चालतात? तेव्हा धुक्यात आणि दिवसाच्या जोरदार पावसात नॉब हाताने हेडलाइटवर आणायचा. गाडीच्या मॅन्युअलमध्येही हेच लिहिलेलं सापडेल.

आणि इथंच ‘डीआरएल पुरतात’ हा सल्ला घातक ठरतो. बहुतेक गाड्यांत डीआरएल फक्त पुढे असतात. ते चालू असताना मागचे टेललाइट बंदच. चालकाला समोर आपल्या दिव्यांची झळाळी दिसते, त्याला वाटतं गाडी उजळलेली आहे, आणि मागून येणाऱ्या ट्रकला राखाडी पावसात राखाडी गाडी दिसतच नाही. केंद्रीय मोटार वाहन नियमांतला १०५ वा नियम केवळ रात्रीपुरता नाही. उजेड पुरेसा नसेल अशा कुठल्याही वेळी दिवे लावायला तो सांगतो. घाटात चारी इंडिकेटर लावून चालवणं हाही यावरचा उपाय नव्हे, कारण मग वळताना दिलेला इंडिकेटर कुणाला कळत नाही. लो बीम लावा, टेललाइट आपोआप लागतात. मागे फॉग लॅम्प असेल तर दाट धुक्यात तोही लावा आणि धुकं सरलं की आठवणीने बंद करा.

अपर मारण्याचा दोष उजेडाच्या सेन्सरचा नाही. ते काम काचेमागच्या कॅमेऱ्याचं, ऑटो हाय बीमचं. ही वेगळी सोय आहे, तिचं वेगळं बटण किंवा मेनू असतो, आणि ती बंद करूनही ऑटो हेडलाइट चालू ठेवता येतात. घाटात ती बंदच ठेवावी असं माझं स्पष्ट मत आहे. वळणापलीकडची गाडी कॅमेऱ्याला उशिरा दिसते, आणि दिवे नसलेली उसाची ट्रॉली किंवा सायकलवाला तर कित्येकदा दिसतच नाही. लो बीमवरही समोरचे डिपर देत असतील, तर मागे माणसं आणि सामान भरल्याने गाडीचं नाक वर आलं असेल. हेडलाइट खालीवर करणारा ० ते ३ आकड्यांचा नॉब असेल तर तो एक-दोन आकडे पुढे न्या.

बॅटरीचं तर उलटंच आहे. इंजिन चालू असताना दिव्यांना वीज अल्टरनेटर (इंजिनवर फिरणारं वीज तयार करणारं यंत्र) देतो. हॅलोजनचे दोन लो बीम धरले तरी ११० वॉट, एलईडीला त्याहून बरेच कमी. गाडी बंद करून लॉक केल्यावर थोडा वेळ दिवे दिसतात ते तुम्हाला दारापर्यंत उजेड मिळावा म्हणून, नंतर ते आपोआप विझतात. हा वेळ मेनूमधून कमीही करता येतो.