बारानंतर गेलं तर दिसतं काय?

पेठांतले गणपती बघायला घरातून किती वाजता निघायचं, यावर पुण्यात एकमत झाल्याचं कुणाच्या ऐकिवात नाही. आमच्या कट्ट्यावरही ते झालं नाही. पण या वेळी वादात हलत्या देखाव्याची यंत्रणा सांभाळणारे अण्णा आणि रोषणाईचं काम करणारा बापू असे दोघेही होते, त्यामुळे आवाजापेक्षा माहिती जास्त निघाली. म्हणून हे टिपण.

मास्तरांनी नेहमीप्रमाणे निकाल आधी दिला, सुनावणी नंतर. "रात्री एकच्या आत पेठेत पाऊल टाकू नये. बेलबाग चौकातून मंडईत जायला मोकळ्या रस्त्यावर पाच-सात मिनिटं लागतात. नऊ ते बारा या वेळात तेवढ्यालाच पाऊण तास जातो, आणि सगळा वेळ समोर दिसतं काय, तर पुढच्याची मान आणि त्या मानेवर बसलेलं पोर. एक वाजला की तोच रस्ता आपला."

"रस्ता आपला, पण देखावा कुठाय?" अण्णा म्हणाले. "बारा वाजता आवाज बंद होतो मास्तर. तुम्ही जाता तेव्हा आम्ही खुर्च्या उलट्या घालून बसलेलो असतो."

मास्तर म्हणाले, मूर्ती तर दिसतेच ना. त्यावर अण्णांनी जे ऐकवलं ते खरं म्हणजे पुण्याबाहेरून येणाऱ्या प्रत्येकाला आधी सांगायला हवं. लालबागला माणूस मूर्तीसाठी जातो. तिथे नवसाची रांग वेगळी, मुखदर्शनाची वेगळी, आणि रांग रात्रभर चालते. पुण्यात दर्शन हवं असेल तर मानाचे पाच आणि दगडूशेठ करून माणूस मोकळा होतो. बाकी गल्लीबोळांत हिंडायचं ते देखाव्यासाठी. देखाव्याचं वेळापत्रक भक्त ठरवत नाहीत, ध्वनिक्षेपक ठरवतो.

आवाजाचे नियम २००० सालचे आहेत. रात्री दहा ते सकाळी सहा उघड्यावर ध्वनिक्षेपक बंद. राज्य सरकारला वर्षातून जास्तीत जास्त १५ दिवस ही मर्यादा बारापर्यंत वाढवता येते. ते दिवस जिल्ह्यात जाहीर होतात आणि त्यातले काही गणपतीच्या वाट्याला येतात. सगळे दहा दिवस येत नाहीत, हे लोक विसरतात. ज्या दिवशी सवलत नसेल त्या दिवशी दहा म्हणजे दहा.

"आता जिवंत देखाव्याचं गणित करा," अण्णा पुढे म्हणाले. "संवाद आधीच रेकॉर्ड केलेले असतात, पोरं त्यावर हातवारे करतात. एक खेळ साधारण वीस मिनिटांचा. तो संपल्यावर गर्दी पुढे सरकायची, नवी आत यायची, कलाकारांनी पहिल्या जागा घ्यायच्या, यात दहा मिनिटं जातात. म्हणजे तासाला दोन खेळ. बाराला आवाज बंद करायचा असेल तर शेवटचा खेळ साडेअकराला सुरू झालाच पाहिजे. आणि मध्येच पाऊस आला की एक खेळ गेला. कारण ओल्या प्लायवर तलवारबाजी करायला पोरांना उभं करणार कोण?"

मास्तर जरा नरमले, पण हटले नाहीत. "बरं, जिवंत देखावा सोडला. हलता देखावा तर आवाजाशिवाय चालतो?"

"चालतो, पण चालवत नाहीत." हे बापूनं सांगितलं आणि मग दोघांनी मिळून आतली रचना उलगडली. हलत्या मूर्तीच्या पोटात बहुतेक वेळा ट्रकच्या वायपरची मोटर असते. २४ व्होल्टची मोटर १२ वर चालवतात, म्हणजे वेग साधारण निम्म्यावर येतो आणि राक्षसाचा हात माशी मारल्यासारखा हलत नाही. मोटरच्या दांड्यावर एक चकती. चकतीवर मध्यापासून दोन इंचांवर खिळा. खिळ्याला सळई आणि सळईचं दुसरं टोक मूर्तीच्या कोपराला. सळई चार इंच मागेपुढे होते. हात जास्त उचलायचा असेल तर खिळा बाहेर सरकवायचा, मात्र तेवढा जोर मोटरवर वाढतो. मान हळू वळवायची असेल तर वायपरची मोटर चालत नाही, मिनिटाला दहा फेऱ्यांची गिअरची मोटर लागते.

"बिघडतं काय?" ताईंनी विचारलं.

"तीन गोष्टी," अण्णा म्हणाले. "कपडा अडकतो. शेल्याचं टोक सळईत गेलं की हात थांबतो, मोटर मात्र ओढत राहते, आणि आतला नायलॉनचा दात असलेला गिअर सोलून निघतो. दुसरं, चकतीवरचा नट. रोज पाच तास हादरे बसतात, साधा नट चौथ्या दिवशी सुटतो. दोन नट एकमेकांवर आवळायचे. तिसरं, कार्बन, म्हणजे मोटरच्या आतल्या फिरत्या भागाला वीज पोचवणारे तुकडे, घासतात. म्हणून आवाज बंद झाला की मोटर बंद. थंड होऊ द्यायची, ग्रीस बघायचं, कपडे नीट करायचे. सुटे कार्बन आणि एक जादा मोटर पेटीत नसेल तर सातव्या दिवशी तुमचा अफझलखान मरतच नाही."

ताईंचं म्हणणं याहून वेगळं होतं. त्यांच्या मते बारानंतरची बंद मूर्ती जास्त बघण्यासारखी, कारण तेव्हा कार्यकर्ते निवांत असतात आणि नीट विचारलं तर मागच्या बाजूनं मशिनरी दाखवतात. पोरांना ती दहा देखाव्यांपेक्षा जास्त आवडते. अण्णांनी हे नाकारलं नाही. फक्त म्हणाले, चहा सांगून मग विचारा.

मग रोषणाई आली आणि बापूला आवरणं कठीण झालं. त्याचं म्हणणं असं, की रोषणाई मुळातच उशिराची गोष्ट आहे. दुकानांचे दिवे बंद झाल्याशिवाय तिचे रंग उठत नाहीत, आणि खालून पोलिसांच्या जीपचा निळा-लाल दिवा फिरत असेल तर नक्षी मारली जाते. नातूबागेसारखी रोषणाईसाठी ओळखली जाणारी ठिकाणं जवळ जाऊन बघू नयेत. कमानीपासून शंभर-दीडशे फूट मागे उभं राहावं, म्हणजे ठिपके मिटून चित्र दिसतं. साडेदहाच्या गर्दीत तिथे उभं राहताच येत नाही, लोक ढकलत पुढे नेतात.

"आणि चांगलं काम ओळखायचं कसं?" मास्तर.

"पांढरा रंग बघा. पिक्सेलच्या माळेत ५० दिवे असतात, ५ व्होल्टवर. पूर्ण पांढरा केला की एक दिवा ६० मिलिअँपिअर घेतो, म्हणजे माळेला ३ अँपिअर. ६० अँपिअरच्या एका एसएमपीएसवर, म्हणजे घरच्या विजेचे ५ व्होल्ट करून देणाऱ्या डब्यावर, कागदावर वीस माळा बसतात. शहाण्यानं सोळा लावाव्यात. आता कुणी आळस केला आणि तीन-चार माळा एकामागे एक जोडून करंट एकाच टोकातून दिला, तर शेवटी व्होल्टेज पोचत नाही. निळ्या आणि हिरव्याला लालपेक्षा जास्त व्होल्ट लागतात, ते आधी मंदावतात. म्हणून शेपटीकडे पांढरा आधी पिवळट होतो, मग तांबूस. उपाय सोपा आहे, प्रत्येक माळेला करंट वेगळा द्यायचा. पण त्यासाठी तांब्याची वायर लागते, आणि तांब्याचा भाव वर्गणीला झेपत नाही."

अर्धी कमान अंधारी दिसली तर मात्र कारण वेगळं. सिग्नल एका दिव्यातून पुढच्यात जातो. एक दिवा मेला की त्याच्यापुढची सगळी ओळ गप्प होते. तो एक दिवा कापून नवा जोडायचा. काम दहा मिनिटांचं, पण शिडी लावायला रस्ता रिकामा लागतो, म्हणजे पुन्हा रात्रीचे दोन. भाद्रपदाच्या पावसात जोड भिजले की ३० मिलिअँपिअरचा ईएलसीबी, म्हणजे वीज गळाली की पुरवठा तोडणारा स्विच, उडतो. मग कुणीतरी हुशार कार्यकर्ता तो वगळून थेट जोडणी करतो. बापूचा यावरचा राग लिहिण्याजोगा नाही. लोखंडी पाइपांच्या मांडवात ती एक वस्तू आणि अर्थिंग, एवढंच माणसाला वाचवतं. थ्री फेजवर न्यूट्रल सुटला तर एखाद्या फेजवरच्या दिव्यांना २३० ऐवजी ४०० च्या जवळपास व्होल्ट मिळतात आणि सगळे एसएमपीएस एकदम जातात. म्हणून न्यूट्रलचा जोड रोज संध्याकाळी हातानं बघायचा, अर्थात मेन बंद करून.

इथवर मास्तर जिंकत आले होते आणि त्यांनी मंदिरांचा पत्ता टाकला. प्रतिकृती. दगडूशेठचा २०२३ चा अयोध्येचा राममंदिराचा सेट, २०२४ चं हिमाचलातलं जटोली शिवमंदिर, २०२५ चं केरळचं पद्मनाभस्वामी मंदिर. सदाशिव पेठेत राजाराम मंडळाचे राजवाडे आणि मंदिरं. यांना आवाज लागत नाही, मोटर लागत नाही. दोन वाजता समोर उभं राहून कळसापासून पायापर्यंत शांतपणे बघता येतं. २०१८ च्या बंदीनंतर थर्माकोल गेलं; आता प्लाय, फायबर, कापड आणि रंग यांवर काम चालतं. प्लायच्या दोन पत्र्यांमधली फट कुठे दगडाच्या सांध्यात लपवली आणि कुठे लपली नाही, हे बघण्यात मास्तरांचा वेळ छान जातो. या बाबतीत माझं मत त्यांच्याच बाजूला. भव्य सेट गर्दीत बघणं म्हणजे ताट वाढलंय आणि हात बांधलेत.

"मग वाट कशी?" यावर वाद कमी झाला. बहुतेकांच्या मते कसबा पेठ मेट्रोला उतरावं, कसबा गणपती करून शिवाजी रस्त्यानं दगडूशेठ, तिथून भाऊसाहेब रंगारी. रंगारींची राक्षसाशी लढणारी मूर्ती १८९२ ची परंपरा सांगते, तिच्यासाठी दोन मिनिटं जास्त द्यावीत. मग बेलबाग, तुळशीबाग, जिलब्या मारुती, आणि शेवटी मंडईत शारदा-गजाननाचा झोपाळा. अंतर जेमतेम सव्वा किलोमीटर. तांबडी जोगेश्वरी, गुरुजी तालीम आणि केसरीवाडा दुसऱ्या फेरीत. केसरीवाड्यात देखावा शोधू नये. उलट दिशेनं, मंडईकडून वर येणं, गर्दीच्या वेळी बॅरिकेडमुळे जमतच नाही.

मेट्रोमुळे एक फरक मात्र पडलाय. सप्टेंबर २०२४ मध्ये भुयारी मार्ग सुरू झाला आणि कसबा पेठ, मंडई ही स्थानकं थेट पेठांच्या पोटात आली. २०२५ च्या उत्सवात मधले दिवस गाड्या रात्री दोनपर्यंत होत्या. त्यामुळे मास्तरांचा एक वाजताचा मुहूर्त अडचणीत येतो. एकला पोचलात तर तासाभरात परतीची गाडी पकडा, नाहीतर रिक्षावाल्याच्या मर्जीवर राहा. गाडी घेऊन येणाऱ्यांना ताईंची सूचना: नदीपात्रात लावू नका. भाद्रपदात धरणं भरलेली असतात, खडकवासल्यातून पाणी सोडलं की पात्रातला रस्ता जातो, आणि पेठेतल्या गोंगाटात भोंगा ऐकू येत नाही.

ताईंच्या बाकी सूचना गर्दीच्या तासांसाठी होत्या. चपला-सँडल नकोत, बूट घाला. गर्दीत पायातलं निघालं तर ते उचलायला वाकायचं नाही. पोराच्या खिशात फोन नंबरची चिठ्ठी ठेवा, कारण दहा वाजता नेटवर्क मान टाकतं. भेटायची जागा आधी ठरवा, आणि ती चौकात ठरवू नका, एखाद्या बोळाच्या तोंडाशी ठरवा. चौकात उभं राहू देत नाहीत.

दिवस कुठला, यावर पुन्हा ठिणगी पडली. पहिले दोन-तीन दिवस निम्मे देखावे सुताराच्याच हातात असतात. शिवाय ऋषिपंचमीच्या पहाटे दगडूशेठसमोर अथर्वशीर्षाला हजारो बायका जमतात, त्यामुळे चतुर्थीच्या रात्री तीननंतर तो रस्ता रिकामा मिळेल हा समज सोडावा. गौरी जाईपर्यंत घरोघरी माणसं अडकलेली असतात. गर्दी फुटते ती त्यानंतर, आणि त्यात शनिवार-रविवार आला तर विचारूच नका. मास्तरांना चतुर्दशीची आदली रात्र हवी होती.

"नको," अण्णा म्हणाले. "त्या रात्री बऱ्याच ठिकाणी आम्ही दहालाच मोटरी उतरवायला घेतो. सकाळच्या मिरवणुकीसाठी रथ सजवायचा असतो, दिवे तिकडे लागतात. तुम्हाला उघडे पाइप बघायचे असतील तर या."

"मग द्वादशी. अकराला मंडई स्टेशन. पहिला तास तुमच्या देखाव्याला, पुढचे रोषणाईला आणि मंदिरांना."

"अकराला नाही, सव्वादहाला. दोन जिवंत देखावे बघायचे तर मधे चालायला वेळ नको?"

"आणि त्या दिवशी बाराची सवलतच नसली तर?" ताईंनी विचारलं.

"तर साडेसातला," अण्णा म्हणाले. "आधी यादी येऊ दे."