कुलूप काढा, जागा सोडा

२००० सालच्या आसपास आम्ही पुण्यात बसून अमेरिकेतल्या एका क्लायंटसाठी पाम थ्रीवर चालणारं ऑर्डर-बुकिंगचं सॉफ्टवेअर लिहीत होतो. हातात मावणाऱ्या त्या यंत्रात एकूण मेमरी २ एमबी. पण प्रोग्रामला हातपाय हलवायला असलेला डायनॅमिक हीप सगळा मिळून ९६ केबी, आणि सिस्टिमचं पोट भरल्यावर उरेल ते आपलं. क्लायंटने विचारलं, लोगो रंगीत नाही का करता येणार? राखाडीच्या चार छटांपैकी कुठली हवी, असं आम्ही नम्रपणे कळवलं.

या मेमरीत राहणं म्हणजे जुन्या वाड्यातली भाडेकरूगिरी. जागा मागितली की पत्ता मिळत नाही, नुसतं एक हँडल, म्हणजे त्या जागेचं टोकन, मिळतं. वापरायच्या वेळी लॉक करा, मग खरा पत्ता कळणार. काम झालं की ताबडतोब अनलॉक, कारण मेमरी मॅनेजरला मोकळ्या जागा सलग करायच्या असतात आणि त्यासाठी तो आपलं बिऱ्हाड खुशाल उचलून दुसरीकडे मांडतो. कुणी कुलूप लावून गावाला गेलं की घोळ. मधेमधे फटी राहतात, बेरीज केली तर जागा चिक्कार, पण सलग दहा केबी मागितले की मालकाची मान नकारार्थी. असा कुलूपवाला शोधण्यात आमच्या रात्री जायच्या. साठवणीची मेमरी वेगळी, तिथे थेट लिहायला सक्त मनाई. लिहिलंत की फेटल एरर, म्हणजे यंत्र जागच्या जागी ठप्प, मग यंत्राच्या पाठीवरच्या भोकात पेपरक्लिप घालून रीसेट.

सेल उतरले तर डेटाही गेलाच. दोन ट्रिपल-ए लागत, त्यामुळे ऑफिसातल्या एसीचा रिमोट कायम रिकामा.

सगळ्यात भारी ते ग्रेमलिन, म्हणजे प्रोग्रामची परीक्षा घेणारं आपोआप चालणारं भूत. एम्युलेटरमध्ये, म्हणजे पीसीवर चालणाऱ्या पामच्या नकलेत, ते सोडलं की स्क्रीनवर वाटेल तिथे, वाटेल तितक्या वेळा टोचत सुटतं. प्रत्येकाला नंबर असतो, तोच नंबर पुन्हा दिला की तीच टोचाटोची पुन्हा, म्हणजे बग पकडता येतो. क्लायंट म्हणाला, ‘आमची माणसं असं वेड्यासारखं कधीच दाबत नाहीत, यात वेळ घालवू नका.’

डेमोला त्यांचे सेल्स मॅनेजर स्वतः आले. ऑर्डर सेव्ह होत असताना त्यांनी मेनू उघडला, बंद केला, तारीख बदलली, तीन बटणं एकदम दाबली. फेटल एरर.

आमच्या टेस्टरने वही उघडून अत्यंत गंभीरपणे विचारलं, ‘सर, आपला नंबर?’